व्यवसायपूर्व तयारी (अभियांत्रिकी पदवी शिक्षणातील)

पदवीचे शिक्षण चालू असतानाच विद्यार्थ्याला अभियंत्याच्या प्रत्यक्ष कामासाठी तयार करण्याची, महाविद्यालय, उद्योग आणि शासन यांनी मिळून केलेली व्यवस्था. कार्यशाळेतील प्रात्यक्षिके, औद्योगिक भेटी, इंटर्नशिप, शिकाऊ उमेदवारी, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, संभाषणकौशल्याचे वर्ग आणि कॅम्पस मुलाखतींची तयारी हे सगळे तिच्यात मोडते. महाराष्ट्रात गेल्या चार दशकांत यांतल्या शेवटच्या घटकाने बाकीच्यांना कोपऱ्यात ढकलले आणि ‘तयारी’ म्हणजे निवड होण्याची तयारी, असे समीकरण रूढ झाले. याचा दोष विद्यार्थ्यांच्या आळसाला किंवा प्राध्यापकांच्या अनास्थेला देण्याची पद्धत आहे. खरी कारणे अभियंत्याच्या व्यवसायात शिरण्याची वाट जशी आखली गेली त्यात आहेत.

सुरुवात अशी नव्हती. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा उगम १८५४ सालच्या एका वर्गात आहे. सार्वजनिक बांधकामांना हाताखालचे अधिकारी हवे होते, म्हणून तो वर्ग निघाला. शिकणाऱ्याला पुढे कोणते काम करायचे आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असे. मुंबईतील व्ही.जे.टी.आय. १८८७ मध्ये स्थापन झाली ती कापडगिरण्यांच्या शहरात, आणि तिथल्या शिक्षणाला त्या गिरण्यांची गरज दिशा देत होती. संस्था थोड्या, विद्यार्थी थोडे आणि काम देणारा समोर उभा, असे हे गणित स्वातंत्र्यानंतरही बराच काळ टिकले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि ते मोडले. तालुक्याच्या गावातील मुलामुलींना पदवीचा दरवाजा उघडला, हे त्या निर्णयाचे मोठे श्रेय आहे. पण महाविद्यालये जिथे निघाली तिथे कारखाने होतेच असे नाही, आणि विद्यार्थ्याला हाताखाली घेऊन शिकवणाऱ्या अनुभवी अभियंत्यांची संख्या जागांच्या वेगाने वाढणे शक्यच नव्हते. त्यानंतर सॉफ्टवेअर उद्योग आला. त्याला मोठ्या संख्येने पदवीधर हवे होते आणि शाखेशी त्याचे फारसे देणेघेणे नव्हते. स्थापत्य, यंत्र, विद्युत सगळ्यांनाच तो घेऊ लागला. प्रशिक्षण त्याने स्वतःकडे ठेवले. इन्फोसिसचे म्हैसूरचे प्रशिक्षण केंद्र हजारो नवपदवीधरांना एका वेळी ठेवून शिकवण्याच्या क्षमतेचे आहे. नोकरी देणाराच शिकवणार असेल, तर महाविद्यालयाकडे उरते ते फक्त निवडीपर्यंत पोचवण्याचे काम.

याला जोड मिळाली ती परवान्याच्या अभावाची. डॉक्टर व्हायचे तर वर्षभराची इंटर्नशिप टळत नाही, सनदी लेखापालाला आर्टिकलशिप केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, वास्तुविशारदाची नोंदणी १९७२ च्या कायद्याने होते. अभियंत्यासाठी असा देशव्यापी कायदा नाही. इमारतीच्या आराखड्यावर सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला महापालिका परवाना देतात, तो एक अपवाद. आणि १९२० मध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही मान्यता देते, पण ती ऐच्छिक आहे. अमेरिकेत वायोमिंग राज्याने १९०७ मध्येच परवान्याचा कायदा केला. पाण्याच्या हक्कांसाठी येणारे नकाशे कोणीही अप्रशिक्षित माणूस अभियंता म्हणून सही करून पाठवू लागला होता, हे त्यामागचे निमित्त. आज तिथे साधारणपणे पदवीच्या सुमारास एक परीक्षा, मग चार वर्षे अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखाली काम आणि त्यानंतर दुसरी परीक्षा, अशी वाट आहे. सगळेच अमेरिकी अभियंते ती चालत नाहीत. कारखान्यांत नोकरी करणाऱ्या पुष्कळांना परवाना लागतच नाही. तरी देखरेखीखालचे काम हा व्यवसायात शिरण्याचा भाग आहे, ही कल्पना त्या व्यवस्थेने जिवंत ठेवली. आपल्याकडे ती जागा रिकामी राहिली आणि कंपनीच्या निवड चाचणीने ती भरली.

ही चाचणी काय मोजते ते पाहण्यासारखे आहे. सूचनाफलकावर पहिली अट लागते ती दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्क्यांची, आणि एकही बॅकलॉग नसण्याची. मग ‘ॲप्टी’ म्हणजे अभियोग्यता चाचणी, गटचर्चा, तांत्रिक मुलाखत, एचआर. हे सगळे बहुधा सातव्या सत्राच्या सुरुवातीला उरकते, म्हणजे पदवीचे अखेरचे वर्ष पुरे व्हायच्या आत. त्यामुळे ज्या प्रकल्पात विद्यार्थ्याने चार वर्षांचे शिकलेले पणाला लावायचे, तो निवडीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. तयार प्रोजेक्ट विकणाऱ्या दुकानांचा धंदा चालतो त्याचे एक कारण हेच. २००५ मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या अहवालाने भारतातील अभियंत्यांपैकी साधारण चौथा हिस्साच बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करण्याजोगा आहे, असा अंदाज दिला आणि तेव्हापासून ‘एम्प्लॉयेबल नाहीत’ हे पालुपद सुरू झाले. तो अंदाज मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मतांवर आधारलेला होता आणि एका विशिष्ट प्रकारच्या नोकरीपुरता होता, हे पालुपदात गळून गेले. महाविद्यालयांनी त्यावर उतारा काढला तो आणखी ॲप्टीच्या तासांचा आणि ‘सॉफ्ट स्किल्स’च्या शिबिरांचा.

निवडीची तयारी जे देऊ शकत नाही, ते प्रत्यक्ष काम काय देते? उदाहरण साधेच घेऊ. भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या पुरवठादाराकडे लेथवर २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट कातला जातो आणि ड्रॉइंगवर ‘एच-सेव्हन’ (h7) टॉलरन्स आहे. म्हणजे व्यास २५.००० पासून २४.९७९ पर्यंत चालेल; मोकळीक २१ मायक्रॉनची. पुस्तक शिकलेला विद्यार्थी वरच्या मर्यादेजवळ माप धरतो, कारण जाड राहिलेला शाफ्ट पुन्हा कातता येतो आणि बारीक झालेला भंगारात जातो. अनुभवी सेटर उलट करतो. तो माप खालच्या मर्यादेकडे लावतो, कारण इन्सर्ट, म्हणजे कापणारे पाते, झिजत जाते तसा व्यास वाढत जातो आणि खालून सुरुवात केली तर मधे ऑफसेट न देता जास्त नग निघतात. दोघांचेही तर्क बरोबर आहेत. कोणता कधी लावायचा हे ठरवायला लॉट केवढा, इन्सर्टची किंमत काय, यंत्र किती तापते आणि ग्राहक किती रिजेक्शन सहन करतो, हे ठाऊक असावे लागते. आणि २४.९७५ चा एक ट्रे निघाला, तर त्यावर डेव्हिएशनची सही मागायची की तो बाजूला काढायचा, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा कमी आणि सचोटीचा जास्त असतो. टॉलरन्सचे कोष्टक वर्गात शिकवता येते. ही निवड तिथे शिकवता येत नाही, कारण चुकलेल्या निर्णयाची किंमत वर्गात कोणी मोजत नाही. शिवाय असे काम करून परतलेला विद्यार्थी वर्गातील कोष्टकाकडे नव्या भुकेने पाहतो, आणि टीपीओच्या (प्रशिक्षण व नियुक्ती अधिकाऱ्याच्या) शिबिरात न शिकलेली गोष्ट, म्हणजे स्वतःच्या कामाबद्दल नेमके बोलणे, त्याला आपोआप येते.

हे ओळखून रचना बदलल्याची उदाहरणे जुनी आहेत. हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात, मग अदलाबदल. यंत्रावरची जागा कधी रिकामी राहत नसे, त्यामुळे कारखानदाराचीही तक्रार नव्हती. विद्यापीठाच्या मंडळाने मात्र योजना फसली तर जबाबदारी आपली नाही, असे बजावूनच परवानगी दिली होती. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाने १९५७ मध्ये अभियांत्रिकीचे शिक्षणच या तत्त्वावर सुरू केले. भारतात बिट्स पिलानीची ‘प्रॅक्टिस स्कूल’ १९७३ पासून आहे: दुसऱ्या वर्षानंतर सुमारे दोन महिने आणि पुढे साडेपाच महिने उद्योगात.  तिथे संस्थेचे प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या कामावर लक्ष ठेवतात आणि त्याचे मूल्यमापन करतात, हा तिचा कणा. इंटर्नशिपवर शिक्षकाची नजर नसेल तर तिचे काय होते, ते इतरत्र पाहायला मिळते.

नियमांची आपल्याकडे वाण नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर आले. त्यांच्या वर्षभराच्या उमेदवारीतील किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र शासन उचलते. मात्र ही उमेदवारी मुख्यतः पदवीनंतरची, नोकरी न मिळाल्यावर आठवणारी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात एकूण श्रेयांक १६० वर आणले आणि इंटर्नशिप सक्तीची केली. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, त्या सुमारास अधिस्वीकृतीसाठी बारा ‘प्रोग्रॅम आउटकम्स’ आली; त्यांत नीतिमत्ता, संघकार्य, संवाद, प्रकल्प व्यवस्थापन आणि आयुष्यभर शिकत राहणे हे सगळे होते. यादी उत्तम होती. तिची अंमलबजावणी बव्हंशी एक्सेलच्या तक्त्यात झाली, जिथे प्रत्येक विषयापुढे एक, दोन किंवा तीन असा आकडा भरून नीतिमत्ता किती साधली ते काढतात. सक्तीच्या इंटर्नशिपचेही तेच. जून उजाडला की सगळ्या महाविद्यालयांचे विद्यार्थी त्याच त्या कारखान्यांच्या दारात उभे राहतात, आणि ज्यांना जागा मिळत नाही ते पैसे भरून ऑनलाइन प्रमाणपत्र आणतात.

यावर पहिला आक्षेप संख्येचा: एवढ्या विद्यार्थ्यांना काम द्यायला उद्योग आहेत कुठे? आक्षेप वजनदार आहे, पण टंचाईचा बराच भाग वेळापत्रकाने निर्माण केलेला आहे. जागा वर्षातील सहा आठवडेच मागितली तर ती अपुरी पडणारच. श्नायडरच्या जोड्यांसारखी ती वर्षभर वाटून घेतली तर तीच जागा अनेकांना पुरते. शिवाय काम म्हणजे मोठा कारखानाच असे नाही. नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग, महावितरणचे उपकेंद्र, जलसंपदाचे उपविभाग, गोकुळ शिरगाव किंवा सातपूरचे छोटे कारखानदार यांच्याकडे मोजमाप, नोंदी आणि आराखड्यांची कामे तुंबलेली असतात. सॉफ्टवेअरच्या विद्यार्थ्याला तर गावही सोडावे लागत नाही. मुक्तस्रोत प्रकल्पात पाठवलेला कोड अनोळखी माणूस ओळीनओळ तपासतो आणि कारण देऊन परत करतो. देखरेखीखालचे काम याहून वेगळे नसते.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा असतो: विद्यापीठाने मूलभूत ज्ञान द्यावे, आजच्या यंत्राचे प्रशिक्षण उद्या शिळे होते. खरे आहे, आणि म्हणूनच एखादे सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या ‘व्हॅल्यू ॲडेड’ कोर्सवर हा आक्षेप अचूक लागू पडतो. शाफ्टच्या उदाहरणावर तो लागू पडत नाही. यंत्र बदलले तरी मर्यादा, झीज आणि जबाबदारी यांचा हिशेब करावाच लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मानवी आहे. घरात पहिलाच पदवीधर, मराठी माध्यम, ओळखपाळख नाही. अशा मुलीला मुलाखतीची तयारी हाच आधार आहे, तो काढून घ्यायचा का? मुळीच नाही. रिझ्युमे लिहिणे, इंग्रजीत दोन मिनिटे बोलणे, गटचर्चेत तोंड उघडणे हे शिकवलेच पाहिजे, आणि तेही पहिल्या वर्षापासून. पण इंटर्नशिप ओळखीने मिळते तोवर या मुलीचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. ज्याचा काका कारखान्यात आहे त्याला काम मिळते आणि तिला प्रमाणपत्र. महाविद्यालयाने स्वतः जागा मिळवून त्या वाटून दिल्या, तर शिबिरांपेक्षा तिला त्याचा उपयोग जास्त होईल.

राहिला खर्च. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मधील मानवी भांडवलावरील ग्रंथात दाखवले, की कुठेही उपयोगी पडणाऱ्या कौशल्यासाठी मालक पैसे घालत नाही, कारण शिकलेला माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. दोन वर्षांचा बाँड लिहून घेण्याची आपल्याकडची रीत हे त्याचेच प्रत्यंतर. म्हणून पदवीच्या काळातील कामाचा भार एकट्या उद्योगावर टाकून भागत नाही. उमेदवारीच्या विद्यावेतनात शासनाचा जो वाटा आहे, तसाच तो पदवी चालू असतानाही हवा. आणि कामाच्या जागी जाऊन विद्यार्थ्याला प्रश्न विचारणाऱ्या प्राध्यापकाचे ते तास त्याच्या आठवड्याच्या कार्यभारात व्याख्यानाच्या बरोबरीने धरले जायला हवेत.