घोडा कोणाचा?

‘माउंट अँड ब्लेड: वॉरबँड’ (२०१०) तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. ठरलेली कथा नाही. व्यापार करा, भाडोत्री लढा, राज्य मिळवा. घोडा जितका वेगात, तितका भाल्याचा मार जबर. मी विज्ञानाचा विद्यार्थी, मला हे मॉडेल आवडतं. पण कुठलंही मॉडेल हाती घेतलं की ते काय गाळतं, हे आधी बघायचं.

इथे शिपायाचा घोडा पडला, तरी पुढच्या लढाईत तो नव्या घोड्यावर हजर! खर्च कुणाच्याच माथी नाही. शिवकाळात मात्र बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. घोडा मेला की शिलेदाराची रोजीरोटीच धोक्यात. चाकण एमआयडीसीत टेम्पो चालकाचा की मालकाचा, यावर कमाई ठरते, तसंच. सभासद बखरीनुसार पागा बळकट करून शिलेदार तिच्या हुकमतीखाली ठेवले होते. २५ बारगिरांवर एक हवालदार.

म्हणून ‘स्वार कसे लढले?’ याआधी ‘घोडा कोणाचा?’ विचारा. पेशवाईतल्या स्वारांसाठी पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हिशोब चाळा. मोडी मात्र शिकावी लागेल, आजच सुरुवात करा.