आजीबाईंशी भांडण: पंडिता रमाबाई आणि वाँटेजची मैत्री

ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला वाँटेज नावाचं गाव आहे. आज तिथे रेल्वे जात नाही. डिडकॉटला उतरून बस पकडावी लागते. बाजारचौकात आल्फ्रेड राजाचा दगडी पुतळा आहे. तो १८७७ मध्ये बसवला, म्हणजे १८८३ मध्ये पंचवीस वर्षांची एक मराठी विधवा दोन वर्षांच्या मुलीला घेऊन या गावात आली, तेव्हा पुतळा बऱ्यापैकी नवाच होता. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई आणि मुलगी मनोरमा.

रमाबाईंचं नाव तुम्ही शाळेत किंवा आईबाबांच्या तोंडून ऐकलं असेल. संस्कृत पंडिता, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. पॉडकास्टमध्ये त्यांच्या इंग्लंडमधल्या पत्रांविषयी बोलताना वेळ अपुरा पडला, म्हणून इथे जरा नीट लिहिते. मला सांगायचं आहे ते त्यांच्या धर्मांतराबद्दल कमी आणि मैत्रीबद्दल जास्त. परक्या देशात ज्यांनी आपल्याला आसरा दिला त्यांच्याशी मैत्री करता येते का? की आपण कायम त्यांच्या उपकाराखालीच राहतो? हा प्रश्न परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. रमाबाईंना तो फार लवकर पडला.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले आणि रमाबाई पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. पुण्यात काम करणाऱ्या अँग्लिकन जोगिणींशी त्यांची ओळख झाली होती. या जोगिणी वाँटेजच्या 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' या संघाच्या. रमाबाईंना वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं होतं. संघाने राहायची सोय केली. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोटीच्या भाड्याचे पैसे पुस्तकाच्या विक्रीतून उभे राहिले, आणि वाँटेजमधल्या राहण्याखाण्याच्या बदल्यात रमाबाईंनी हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं, असं ठरलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या नुसत्या पाहुण्या नव्हत्या. देणंघेणं दोन्ही बाजूंनी होतं.

त्यांच्याबरोबर आणखी एक मैत्रीण आली होती, आनंदीबाई भगत. (अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी त्या वेगळ्या.) इंग्लंडला पोचल्यावर काही महिन्यांतच या आनंदीबाईंनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आपल्याला बळजबरीने ख्रिस्ती करतील या भीतीने त्यांना पछाडलं होतं, असं मॅक्स म्युलर यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलं. रमाबाईंच्या चरित्रांत आनंदीबाईंच्या वाट्याला बहुतेक वेळा एखादाच परिच्छेद येतो. पण वाँटेजच्या मैत्रीची गोष्ट सांगताना त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. परक्या घरातला प्रेमळपणासुद्धा माणसाला किती घाबरवू शकतो, हे त्यांच्या मरणातून दिसतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी आणि मनोरमेने वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुण्यात अनेकांना हा धक्का होता. कुणी म्हणालं फसवलं, कुणी म्हणालं पैशाला भुलल्या. रमाबाईंनी स्वतः बऱ्याच वर्षांनी याविषयी लिहिलं. लंडनच्या फुलम भागात या जोगिणींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं होतं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत, आणि सिस्टर्स त्यांची माणसासारखी सेवा करत. असं काही त्यांनी आपल्याकडे पाहिलं नव्हतं. हे कशासाठी करता, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. म्हणजे त्यांच्या श्रद्धेची सुरुवात वादविवादातून नाही, बायकांनी बायकांसाठी केलेल्या कामातून झाली. पुढे मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढलं, त्याचं मूळ इथे आहे.

आता सिस्टर जेराल्डीन. वाँटेजमध्ये रमाबाईंची जबाबदारी त्यांच्याकडे होती. धर्माच्या नात्याने त्या रमाबाईंच्या 'आध्यात्मिक आई'. पण रमाबाई आणि मनोरमा त्यांना एका मराठी नावाने हाक मारत: आजीबाई. इंग्रजी पत्रांतही हाच शब्द येतो.

या शब्दापाशी थोडं थांबू या. आपल्याकडे जवळच्या माणसाला नात्यात ओढून घ्यायची सवय आहे. शेजारची काकू, आईची मैत्रीण मावशी, घरमालकीण आजी. हे गोड आहेच. पण नात्यासोबत मान येतो आणि मानासोबत ऐकायची अपेक्षा येते. काकूंनी डबा दिला की काकूंचा सल्लाही ऐकावा लागतो. जोगिणींच्या संघात तर आज्ञापालन हे व्रतच असतं. सिस्टर जेराल्डीन स्वतः त्या व्रतात जगत होत्या. त्यामुळे नव्याने ख्रिस्ती झालेल्या तरुण बाईने नम्रपणे ऐकावं, शिकावं, प्रश्न नंतर विचारावेत, असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं. रमाबाईंच्या आत्म्याची जबाबदारी देवाने आपल्यावर टाकली आहे, असं त्या मनापासून मानत होत्या.

आणि रमाबाई तर लहानपणापासून सभेत वाद घालत वाढलेल्या!

भांडणं कशावरून झाली ते पाहिलं तर हसू येतं आणि वाईटही वाटतं. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगही त्या खात नसत. सिस्टर जेराल्डीनना हा जातीचा अहंकार वाटला. रमाबाईंनी उत्तर दिलं की मी हिंदू आहे आणि तसं म्हणवून घ्यायला मला आवडतं. कुणाला त्रास होत नसेल तर पूर्वजांच्या चालीरीती मी का सोडाव्यात? एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि तिने आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का? ध्यानात घ्या, बाप्तिस्मा घेतलेली बाई हे लिहिते आहे. ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रज होणं नव्हे, हे त्या एका ताटावरच्या पदार्थावरून मांडत होत्या.

मग क्रूसावरच्या अक्षरांचा वाद. लॅटिन अक्षरं का? ब्राह्मण संस्कृतला पवित्र मानतात, तसंच तुम्ही लॅटिनला मानता का, असं रमाबाईंनी विचारलं. त्यांना संस्कृत हवं होतं, ते देवांची भाषा म्हणून नाही, तर आपल्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून. शिवाय त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद, मनोरमेला काय शिकवायचं यावर वाद. १८८५ च्या एका पत्रात तर त्यांनी सरळ लिहिलं की मोठ्या कष्टाने हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जोखड मी मानेवरून उतरवलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं चढवून घ्यायची माझी तयारी नाही.

ज्यांच्या छपराखाली मुलीला वाढवलं त्यांना हे लिहायला किती धीर लागला असेल, याचा विचार करा.

याच काळात त्यांना दुसऱ्या प्रकारची मैत्री मिळाली. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत सुटला होता. १८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या गणित, इंग्रजी आणि विज्ञान शिकत आणि संस्कृत शिकवत. प्राचार्या होत्या डोरोथिया बील, इंग्लंडमधल्या स्त्रीशिक्षणाच्या चळवळीतलं मोठं नाव. बीलबाई स्वतः श्रद्धेच्या संकटातून गेल्या होत्या, त्यामुळे शंका म्हणजे पाप असं त्यांना वाटत नसे. रमाबाईंच्या प्रश्नांना त्यांनी प्रश्न म्हणूनच घेतलं. अशा बुद्धीच्या बाईला नुसतं 'विश्वास ठेव' म्हणून चालणार नाही, ही बाजू त्यांनी इतरांपुढेही मांडली.

रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, हा प्रश्न निघाला तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. हिंदुस्थानात कळलं तर तिथल्या लोकांत तिची प्रतिष्ठा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंना याचं नवल वाटलं. त्यांनी बीलबाईंना लिहिलं की माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी आक्षेप घेतला नाही, आणि इंग्रज लोक मात्र घेतात! हिंदुस्थानात त्या पुरुषांनी भरलेल्या सभांमध्ये व्याख्यानं देऊन आल्या होत्या. आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला न विचारता घेतला जातोय, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

बीलबाई चांगल्या आणि सिस्टर जेराल्डीन वाईट, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मी तो काढत नाही, कारण पुढे काय झालं ते बघा. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. लांबच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर होत होत्या, ११ मार्चच्या त्यांच्या पदवीदान समारंभासाठी. मुक्काम लांबत गेला, व्याख्यानं सुरू झाली, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहून झालं. पाच वर्षांच्या मनोरमेला कुठे ठेवायचं? रमाबाईंनी तिला वाँटेजला परत पाठवलं, आजीबाईंकडे. हिच्या मनात काय भरायचं यावरून जिच्याशी इतकं भांडण झालं, तिच्याच हातात मुलगी सोपवली. मला या पत्रव्यवहारातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. मत पटत नव्हतं, तरी विश्वास शाबूत होता. आणि भांडण मोकळेपणाने झालं होतं म्हणूनच तो विश्वास टिकला असावा. 'हो, हो' म्हणत मनात कुढणारी बाई एक दिवस मुलीला घेऊन गुपचूप निघून गेली असती.

हिंदुस्थानात परतल्यावर ही सवय त्यांना उपयोगी पडली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. विधवांना धर्माची सक्ती न करता शिकवायचं, असं अमेरिकेतल्या देणगीदारांच्या संस्थेशी ठरलेलं होतं. काही मिशनऱ्यांना वाटे, ही पुरेशी ख्रिस्ती नाही. 'केसरी'ला वाटे, ही धर्मांतराचा सापळा लावून बसली आहे. १८९३ मध्ये काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्यावर रानडे आणि भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन्हीकडून एकच मागणी होती: आमचं ऐक. वाँटेजमध्ये प्रेमाच्या माणसाला 'नाही' म्हणायला शिकलेल्या बाईला पुण्यात विरोधकांना 'नाही' म्हणणं त्यामानाने सोपं गेलं असेल.

आणि आपल्याला हे सगळं कळतं कसं? सिस्टर जेराल्डीननी पत्रं जपली. नुसती जपली नाहीत, संकलित केली. स्वतःवर टीका करणारी, आपल्याला दुराग्रही ठरवणारी पत्रंसुद्धा आपल्या उत्तरांसोबत ठेवली. अ. भि. शहा यांनी त्यांचं संपादन केलं आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. गेल्या काही दशकांत मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती, अँटॉनेट बर्टन यांनी रमाबाईंवर जे लिहिलं, त्याला या पत्रांचा मोठा आधार आहे. सिस्टर जेराल्डीननी ती जाळली असती तर आज आपल्याला एक आज्ञाधारक, कृतज्ञ रमाबाई भेटली असती. ती खरी नसती.

या मैत्रीला मी उगाच गोड करणार नाही. त्या दोघी बरोबरीच्या नव्हत्या. एकीच्या मागे चर्च आणि साम्राज्य होतं, दुसरीच्या मागे कुणी नव्हतं. दोघींनाही एकमेकींनी खूप दुखावलं. आणि आनंदीबाई भगतांना भांडण्याएवढा वेळही मिळाला नाही.

तुमच्यातले कितीतरी जण शिकायला म्हणून इकडे आले असतील. पहिल्या हिवाळ्यात कुणी कोट दिला असेल, कुणी आठवडाभर सोफ्यावर झोपू दिलं असेल. मग त्याच माणसाने तुमच्या जेवणावर, लग्नावर, देशावर काही मत दिलं असेल आणि तुम्ही गप्प बसला असाल, कारण उपकार आठवले. रमाबाईंनाही उपकार आठवत होते, पत्रांत त्या ते वारंवार मान्य करतात. फक्त त्यांनी त्यांची फेड आज्ञापालनाने केली नाही. मराठी शिकवलं, पत्रांची उत्तरं दिली, खरं काय वाटतं ते सांगितलं आणि मुलीला विश्वासाने पाठवलं. तेवढी फेड पुरेशी आहे, असं मला वाटतं.