घातांकी रूपातील संख्यांची बेरीज व सार्थ अंक

मोजमापातून मिळालेल्या आणि दहाच्या घातात मांडलेल्या संख्यांची बेरीज करून उत्तरात विश्वासार्ह तेवढेच अंक राखण्याची रीत. घातांकी (वैज्ञानिक) रूपात प्रत्येक संख्येचे दोन भाग असतात : १ किंवा त्याहून मोठा पण १० पेक्षा लहान असा गुणक आणि दहाचा घात. गुणकातले सर्व अंक सार्थ धरतात. १,५०० असे लिहिले, तर शेवटची दोन शून्ये मोजून आली आहेत की फक्त स्थान भरतात, हे समजत नाही, १.५×१०³ किंवा १.५००×१०³ असे लिहिल्यास शंका राहत नाही.

रीत : प्रथम सर्व संख्यांचे घातांक समान करतात, सहसा सर्वांत मोठ्या घातांकाइतके. मग गुणकांची बेरीज करतात. ज्या संख्येचा शेवटचा सार्थ अंक सर्वांत डावीकडे संपतो, त्या स्थानापर्यंतच उत्तर ठेवतात. पूर्णांकन एकदाच आणि शेवटी करतात. उदा., ९.६२×१०⁴ + ८.५×१०³ ही बेरीज ९.६२×१०⁴ + ०.८५×१०⁴ अशी मांडली की १०.४७×१०⁴, म्हणजे १.०४७×१०⁵ येते. तीन आणि दोन सार्थ अंकांच्या संख्यांतून चार सार्थ अंकांचे उत्तर निघाले आणि ते बरोबर आहे. गुणाकारात सार्थ अंक किती, हे पाहतात. बेरजेत शेवटचा सार्थ अंक कोणत्या स्थानी आहे, हे पाहतात. गुणाकाराचा नियम इथे लावून १.०×१०⁵ लिहिणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आहे; त्यात प्रत्यक्ष मोजलेले ४,७०० टाकून दिले जातात. दुसरी चूक घातांक समान करण्यापूर्वीच दशांश स्थळे मोजण्याची. ८.५×१०³ मध्ये एकच दशांश स्थळ दिसते, पण १०⁴ च्या मापात ती दोन होतात.

वजाबाकीचा नियम हाच. मात्र तिथे अंक झपाट्याने नाहीसे होतात. ३.४८२×१०⁵ मधून ३.४७९×१०⁵ वजा केल्यास ३×१०² उरतात : चार सार्थ अंकांवरून एकावर.

हायड्रोजन अणू : ऋण घातांकांसाठी हे उदाहरण फार उपयुक्त आहे. प्रोटॉनचे वस्तुमान १.६७३×१०⁻²⁷ किग्रॅ. आणि इलेक्ट्रॉनचे ९.१०९×१०⁻³¹ किग्रॅ. इथे मोठा घातांक −२७ हा आहे, −३१ नव्हे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ०.०००९१०९×१०⁻²⁷ असे लिहून बेरीज १.६७४×१०⁻²⁷ किग्रॅ. येते, इलेक्ट्रॉनने केवळ शेवटचा अंक हलवला. अधिक अचूक मूल्ये, १.६७२६२१९२×१०⁻²⁷ व ९.१०९३८३७×१०⁻³¹, घेतल्यास बेरीज १.६७३५३२८६×१०⁻²⁷ होते. हायड्रोजन अणूचे वस्तुमान मात्र १.६७३५३२८४×१०⁻²⁷ किग्रॅ. आहे. शेवटच्या स्थानी पडलेला दोनाचा फरक गणिताचा दोष नाही. इलेक्ट्रॉन प्रोटॉनशी बांधला जाताना १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते आणि तिचे तुल्य वस्तुमान सु. २.४×१०⁻³⁵ किग्रॅ. भरते. आठव्या दशांश स्थळापर्यंतचे अंक प्रामाणिकपणे राखले, म्हणूनच ही बंधन-ऊर्जा बेरजेत दिसली.

सूर्य व पृथ्वी : सूर्याचे वस्तुमान १.९८८×१०³⁰ किग्रॅ., पृथ्वीचे ५.९७२×१०²⁴ किग्रॅ. घातांक समान केल्यावर पृथ्वीचा वाटा ०.०००००५९७२×१०³⁰ होतो आणि बेरीज १.९८८×१०³⁰ वरच राहते. सूर्याच्या वस्तुमानाचे आणखी अंक मिळवू म्हटले तरी फार पुढे जाता येत नाही, कारण गुरुत्व स्थिरांक (६.६७४३०×१०⁻¹¹) दहा लाखांत सु. २२ भाग इतक्या अनिश्चिततेनेच ज्ञात आहे. याउलट गुरुत्व स्थिरांक आणि वस्तुमान यांचा गुणाकार ग्रहांच्या व यानांच्या गतीवरून थेट मिळतो आणि तो कितीतरी अचूक असतो. सूर्यासाठी तो १.३२७१२४४०×१०²⁰, पृथ्वीसाठी ३.९८६००४×१०¹⁴ घनमीटर प्रति वर्गसेकंद आहे. यांची बेरीज १.३२७१२८३९×१०²⁰ होते. इथे पृथ्वी शेवटच्या तीन अंकांत स्पष्ट दिसते. ग्रहगणितात सूर्याच्या वस्तुमानाऐवजी हा गुणाकार वापरण्याचे मोठे कारण हेच आहे.

पाचाचे पूर्णांकन : सोडायचा भाग नेमका ५ असेल तेव्हा काय करावे, याबाबत एकवाक्यता नाही. शालेय अंकगणितात आधीचा अंक एकाने वाढवतात; भारतीय मानक आयएस २ नुसार आधीचा अंक सम असल्यास तसाच ठेवतात, विषम असल्यास वाढवतात. बेरजेतील पदे पुष्कळ असतील तर दुसरी पद्धत एकाच दिशेने साचणारी चूक टाळते.

इतिहास : भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक ते परार्ध (१०¹⁷) अशी दहाच्या घातांची नावे आहेत. लॉगरिदमने गुणाकार सोपा झाला, बेरीज नाही. बेरजेसाठी वेगळी सारणी गाउस यांनी १८१२ मध्ये प्रसिद्ध केली.

संगणक : संगणकही घातांक समान करूनच बेरीज करतो. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकातील द्विगुण अचूकतेत सु. १५ ते १६ दशमान अंक राहतात; त्यामुळे १०¹⁶ मध्ये १ मिळवला तरी उत्तर १०¹⁶ च येते. लहान संख्या आधी मिळवल्या तर नुकसान कमी होते. निसटलेला भाग वेगळा साठवून पुढच्या पदात मिळवण्याची पद्धत विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये मांडली.

निश्चित संख्या : मोजलेले नग आणि व्याख्येने ठरलेली मूल्ये (उदा., २० मे २०१९ पासून ॲव्होगाड्रो स्थिरांक, ६.०२२१४०७६×१०²³) यांना हा नियम मर्यादा घालत नाही.

मर्यादा : हा नियम ढोबळ आहे. प्रत्येकी ±०.०५ अनिश्चितता असलेली शंभर मापने मिळवली, तर नियमानुसार दशांश स्थानाचा अंक सार्थ ठरतो. प्रत्यक्षात मापने परस्परांपासून स्वतंत्र असल्यास बेरजेची अनिश्चितता ±०.५ होते, सर्व चुका एकाच दिशेच्या असल्यास ती ±५ पर्यंत जाते. म्हणून काटेकोर कामात १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार स्वतंत्र अनिश्चिततांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढतात आणि उत्तरातील अंक त्यावरून ठरवतात.