मर्जी, नाराजी, राजीनामा

"आमच्याकडं सगळं त्यांच्या मर्जीवर असतं." बारामती-इंदापूरकडच्या घरांत, दुकानांत, भावकीत हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं, की त्यात काही दुखणं असेल अशी शंकाही येत नाही. पण मर्जी या शब्दाला मराठीत कोणती क्रियापदं लागतात ते पाहावं. मर्जी राखावी लागते, धरावी लागते, सांभाळावी लागते. सांभाळणं आपण तान्ह्या लेकराला लावतो, गुराढोरांना लावतो, म्हाताऱ्या माणसाला लावतो. धडधाकट, मिळवत्या, गावात मान असलेल्या माणसाची मर्जी मात्र घरातल्या चौघांनी रात्रंदिवस सांभाळायची असते. या कामाला सुट्टी नसते आणि ते काम आहे असंही कुणी धरत नाही.

शब्दाचं मूळ अरबी आहे. ‘रिदा’ म्हणजे संतोष, समाधान, मान्यता. फारसीच्या तोंडी त्याचा ‘रिझा’ झाला आणि आपल्याकडं ‘रजा’. त्याच धातूपासून राजी, त्याचीच उलटी बाजू नाराज, त्याच घरातली मर्जी आणि तिथलाच राजीनामा. हे सगळं कूळ बहामनी, निजामशाही, आदिलशाही दप्तरांतून मराठीत उतरलं, आणि या भागाला ती दप्तरं परकी नव्हती. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतलं परगण्याचं ठिकाण, आणि इंदापुरात मालोजीराजांची गढी अजून दाखवतात. पुढं शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मर्जी तोवर दरबारातून निघून माजघरात जाऊन बसली होती. तिथून तिला कोण हलवणार?

मुळात या शब्दात दोन्ही बाजूंचं समाधान मावत होतं. मराठीत आल्यावर त्याची वाटणी झाली. वरच्याला मर्जी मिळाली आणि खालच्याच्या वाट्याला राजी होणं आलं. साहेबांची मर्जी असते, कारकून राजी होतो. सासऱ्यांची मर्जी असते, सून राजी असते, निदान तसं धरलं जातं. जुन्या कागदांत "राजीखुशीनं लिहून देतो" असं असायचं, आणि ते लिहून देणारा बहुधा अडलेला असायचा. खालच्या माणसाच्या बाबतीत मर्जी हा शब्द एकाच जागी ऐकू येतो, "जशी तुझी मर्जी" या वाक्यात. ते म्हणताना बोलणाऱ्यानं हात टेकलेले असतात, नाहीतर तो धमकी देत असतो.

ज्या माणसांबद्दल मला लिहायचंय, त्यांची सगळी रीत या वाटणीवर चालते. सुरुवातीला ते तुमचं इतकं कौतुक करतात, की आजवर आपल्याला कुणी ओळखलंच नव्हतं असं वाटावं. तुमची दुःखं विचारून घेतात. मग हळूहळू त्या कौतुकाची परतफेड मागू लागतात, आणि ती कधीच पुरी होत नाही. तुम्ही आजारी पडलात की त्यांचं दुखणं तुमच्याहून मोठं निघतं. तुमच्या मुलाला चांगले गुण पडले की त्यांनी त्याच्यासाठी काय काय केलं त्याची गोष्ट सुरू होते. भरल्या लग्नात ते कशावरून तरी रुसतात आणि नवरा-नवरीला सोडून सगळा मांडव त्यांची समजूत काढायला धावतो. रुसवा आणि रोष हे दोन्ही शब्द ‘रुष्’ या एकाच धातूचे. मराठीनं रुसव्याला प्रेमाचा गोडवा दिला म्हणून त्यातला रोष आपल्याला दिसेनासा झाला. घरात आठ-आठ दिवस चालणारा अबोला लेकरांच्या छातीत कशी धडकी भरवतो, हे अशा घरात वाढलेल्यांना विचारावं.

अशा स्वभावाच्या टोकाच्या रूपाला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली स्वतंत्र विकार म्हणून जागा मिळाली. ते निदान करणं हे डॉक्टरांचं काम आहे. दोन बढाया मारणाऱ्या चुलत्याला तो शिक्का मारू नये. मी वागण्याबद्दल बोलतोय, आणि त्यासाठी आपण वापरतो त्या शब्दांबद्दल.

पश्चिमेनं या वागण्याला नाव दिलं ते नार्सिससवरून. पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबावर भुललेला हा तरुण रोमन कवी ओव्हिडनं अजरामर केला आणि १९१४ साली फ्रॉइडनं त्याच्या नावावर निबंध लिहिला. त्याच कथेत इको आहे. दुसऱ्याच्या वाक्याचा शेवट तेवढा परत उच्चारायचा, एवढंच तिला येतं. ती त्याच्यावर जीव लावून झिजत जाते, हाडांचे दगड होतात आणि नुसता आवाज उरतो. विकाराला नाव त्याचं मिळालं, तिच्या झिजण्याला कोणी नाव दिलं नाही.

मराठीत मानसशास्त्राच्या लेखकांनी यासाठी ‘आत्मरती’ हा शब्द योजला, आणि तो मला मनापासून खटकतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आत्मरती हे ज्ञानी माणसाचं लक्षण आहे. असा माणूस स्वतःत तृप्त असतो, आणि लगेच पुढच्या श्लोकात म्हटलंय की कोणत्याही कामासाठी त्याला कुठल्याच प्राणिमात्राचा आधार घ्यावा लागत नाही. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो याच्या अगदी उलट टोकाला असतो. एक संध्याकाळ एकट्यानं बसायची वेळ आली तरी तो कासावीस होतो. ‘स्वमग्न’ही इथं चालणार नाही. तो शब्द ऑटिझम असलेल्या मुलांसाठी रुळलाय, आणि त्या मुलांचा या लबाडीशी काडीचा संबंध नाही.

यापेक्षा १९३८ साली ऑटो फेनिखेल या मनोविश्लेषकानं वापरलेली कल्पना नेमकी आहे. अशा माणसाला बाहेरून पुरवठा लागतो असं त्यानं म्हटलं. त्या पुरवठ्याला मराठीत शब्द तयार आहे: रसद. फौज कितीही मोठी असो, रसद तुटली की ती मुक्काम हलवते, हे मराठ्यांच्या इतिहासाला पाठ आहे. कौतुक ही रसद, आणि तुमचं रडणंही रसदच. तुम्ही चिडून भांडलात तरी त्यांचं भागतं, कारण तेवढा वेळ घरात दुसरा विषय नसतो. "भांडून भांडून मी गळून जाते आणि हे भांडण झाल्यावर ताजेतवाने जेवायला बसतात" असं बायका सांगतात, तेव्हा त्या अतिशयोक्ती करत नसतात.

इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा आणि भीमेच्या संगमावर, नीरा नरसिंहपूर आहे. तिथली लक्ष्मी-नृसिंहाची मूर्ती वाळूची आहे आणि ती प्रल्हादानं घडवली, अशी श्रद्धा आहे. प्रल्हादाच्या बापाचं नाव आपण लहानपणापासून घेतो, पण फोडून पाहत नाही. हिरण्य म्हणजे सोनं, कशिपु म्हणजे गादी किंवा उशी. सोन्याच्या गादीवर बसलेला हा राजा, तिन्ही लोक त्याच्या धाकात. त्याचं अडलं होतं ते एका लहान पोराच्या तोंडातल्या नावावर. राज्यभर त्याचाच जयजयकार चाललेला असताना घरातलं एक लेकरू दुसऱ्याचं नाव घेतं, तेवढ्यानं बाप कड्यावरून ढकलायला, विष द्यायला, आगीत बसवायला तयार होतो. पुराणकाराला माणूस चांगला कळला होता. अशा भुकेला मिळालेलं कधीच मोजता येत नाही, न मिळालेलं तेवढं दिसतं. प्रल्हाद बापाचं राज्य मागत नव्हता, त्याला शिव्याही देत नव्हता. त्याचा आनंद बापाच्या हातात नव्हता, आणि गुन्हा असलाच तर तेवढाच. प्रल्हाद या नावात ‘ह्लाद’ आहे, म्हणजे आनंदच.

याचा अर्थ, लक्ष मागणं वाईट असा घेऊ नये. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी आयुष्यभर लिहिलं आणि १७९४ साली तिथंच देह ठेवला. स्वतःला ‘मयूर’ म्हणवणाऱ्या या कवीनं देवाला घातलेल्या आर्त हाकांना ‘केकावली’ हे नाव दिलं. केका म्हणजे मोराची आरोळी. पिसारा हाताशी असताना त्यांनी आरोळी निवडली, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडं कुणी बघावं ही गरज प्रत्येकाला असते, आणि ती उघड बोलून दाखवणाऱ्याकडून कुणाला अपाय होत नाही. अपाय होतो तो स्वतःची गरज दुसऱ्याचं कर्तव्य बनवून टाकणाऱ्याकडून.

तो कसा होतो, हे ज्वारी करणारा माणूस चांगलं सांगेल. ज्वारीत आणि उसातही टारफुला नावाचं तण येतं. शंकर पाटलांनी गावातल्या सत्तेवरच्या आपल्या कादंबरीला हेच नाव दिलं होतं. टारफुल्याचं बी धुळीएवढं बारीक, ते वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं. ज्वारीचं मूळ एक द्रव्य मातीत सोडतं ते उपकारी बुरशीला बोलावण्यासाठी, कारण ही बुरशी मुळांना स्फुरद आणून देते. ती हाक टारफुला चोरून ऐकतो, त्या हाकेवरच उगवतो आणि मुळाला चिकटतो. वर काहीच दिसत नाही. ओल असूनही ज्वारी सुकल्यासारखी दिसते आणि शेतकरी पाण्याला, खताला दोष देत राहतो. कित्येक आठवड्यांनी बारीक पांढरी फुलं वर येतात, तोवर व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. मायाळू माणसं अशांच्या तावडीत का सापडतात, याचं याहून खरं उत्तर मला मिळालेलं नाही. ती स्वभावानं दुबळी असतात म्हणून हे होत नाही. मैत्रीसाठी घातलेली त्यांची साद भलत्यानं ऐकलेली असते. आणि "तुझंच काहीतरी चुकत असेल" म्हणणारे नातेवाईक पाण्या-खताला दोष देत राहतात.

आपला ‘छळ’ हा शब्दही इथं आठवतो. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक. मराठीत येताना त्याचा अर्थ यातना देणं असा झाला. न्यायशास्त्रात गौतमानं सांगितलेल्या सोळा पदार्थांत छल आहे: समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेऊन त्याला खोटं पाडणं. त्याचं ठरलेलं उदाहरण ‘नवकंबल’. बोलणारा म्हणतो, याच्याकडं नवी घोंगडी आहे. ऐकणारा म्हणतो, नऊ कुठं आहेत, एकच तर दिसते. शास्त्रार्थाच्या सभेत ही लबाडी मध्यस्थाला ओळखू येते. घरात मध्यस्थ नसतो. "मी आज फार दमले" म्हटलं की "म्हणजे मी तुला राबवतो म्हणायचंय?" हे उत्तर येतं. "असं तुम्ही काल म्हणालात" म्हटलं की "मी असं बोललोच नाही, तुझ्या डोक्यात काहीतरी भरलंय." वर्षभर हे ऐकलेल्या बाईचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडतो. कपट आणि यातना हे दोन अर्थ मराठीनं एका शब्दात ठेवले, त्यामागं कुणाची तरी भोगलेली आयुष्यं असणार. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानं शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाच मानलंय. ही गोष्ट आमच्याकडच्या पुष्कळ सुनांना अजून कुणी सांगितलेली नाही. मन फारच थकलं असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, तेही त्यांना सांगायला हवं.

राहिला राजीनामा. पेशवाईत वाद पंचायतीपुढं न्यायचा तर वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत: पंच ठरवतील ते आम्हाला मान्य. तेव्हा तो संमतीचा कागद होता. पुढं इंग्रजी अमदानीतल्या महसूल खात्यात राजीनामा आणि कबुलायत अशी जोडी आली. जमीन सोडणारा खातेदार राजीनामा देई आणि तीच जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. अशा रीतीनं ‘मी राजी आहे’ म्हणणाऱ्या शब्दात ‘मी सोडतो’ हा अर्थ शिरला आणि आज तेवढाच उरला. एखाद्याची मर्जी आपण राजी असतो तोवरच चालते, हे या कुळातल्या शब्दांनीच नोंदवून ठेवलंय. घर सोडणं पुष्कळांना शक्य नसतं. पण रसद कमी करता येते. प्रत्येक आरोपाचा खुलासा करणं थांबवता येतं, अबोला धरला तर समजूत काढायला न जाता आपलं जेवून घेता येतं, माहेरी किंवा मैत्रिणीला जुनं सगळं सांगता येतं.

राजीनाम्यामागून कबुलायत येते, हे मात्र सुटलेल्या माणसाला फार लागतं. वीस वर्षं ज्याच्यासाठी जीव काढला, त्याला महिन्याभरात दुसरं कुणीतरी मिळतं, आणि गावासमोर तो तिचं तोंडभरून कौतुक करत असतो. मग आपल्यातच खोट होती का, हा विचार रात्री झोपू देत नाही. खोट नव्हती. जमीन पडीक ठेवणं त्याला परवडत नाही, एवढंच त्याचं कारण. त्या नव्या माणसाला सावध करावंसं वाटतं, करावंही. ती ऐकेल याची खात्री धरू नये, तिचे कौतुकाचे दिवस चालू असतात. आपला फोन नंबर तेवढा तिच्याकडं राहू द्यावा.