लाइट गेली तर? : कीर्द, खतावणी आणि लिनक्स

आमच्या कोराडीत 120 मेगावॉटचा पहिला वीजसंच 1974 साली सुरू झाला. तरी 2000 नंतरच्या दशकात विदर्भातली कित्येक गावं भारनियमनामुळे तासन्‌तास अंधारात असायची. त्यामुळे ‘डिस्कवर लिहिता लिहिता लाइट गेली तर?’ हा प्रश्न आम्हाला कधी पुस्तकी वाटला नाही.

1993 च्या ईएक्सटी-2 चं उत्तर सोपं होतं : लाइट आली की अख्खी डिस्क तपासा! डिस्का मोठ्या झाल्या तशी ही तपासणी असह्य व्हायला लागली. मग स्टीफन ट्वीडी यांनी 1998 मध्ये जर्नलची योजना मांडली आणि नोव्हेंबर 2001 मध्ये ईएक्सटी-3 लिनक्सच्या 2.4.15 आवृत्तीत आली. युक्ती आपल्या दुकानदारांचीच. आधी कीर्दीत नोंद, मग खतावणीत. गडबड झालीच तर फक्त कीर्द वाचायची.

पण ही कीर्द जरा विचित्र होती. खतावणीत एक ओळ बदलली तरी कीर्दीत अख्खं पान उतरवायचं. ईएक्सटी-4 मध्येही तेच : आयनोड साधारण 256 बाइटचा, जर्नलमध्ये जाणार 4096 बाइटचा पूर्ण ब्लॉक. वर सुरुवातीचा नि शेवटचा ब्लॉक वेगळा. फायदा एवढाच, की दुरुस्ती करताना डोकं लावायला नको, पान जसंच्या तसं परत चिकटवायचं. आणि तोटा? एफसिंक म्हटलं की सगळ्यांचंच काम एकदम पुरं करावं लागे. 2008 मध्ये फायरफॉक्स 3 ईएक्सटी-3 वर गोठायचा तो यामुळेच.

काही जण वैतागून जर्नलच बंद करतात. वेग मिळतो, पण हमी जाते.

खरा तोडगा पार्क आणि शिन यांच्या 2017 च्या शोधनिबंधातून पुढे आला. तो धागा पकडून हर्षद शिरवाडकर यांनी ईएक्सटी-4 साठी ‘फास्ट कमिट’ लिहिलं. डिसेंबर 2020 मध्ये ते लिनक्स 5.10 मध्ये, पर्याय म्हणून, आलं. यात पान नाही, फक्त बदल लिहायचा : ‘अमुक फोल्डरमध्ये अमुक नाव जोडलं.’ गुंतागुंतीचं काम असेल तर जुनी पद्धत आहेच, आणि अधूनमधून पूर्ण कमिटही होतंच. 2024 मध्ये शिरवाडकर, सौरभ कडेकोडी आणि थिओडोर त्सो यांनी यावर निबंधही लिहिला.

थोडक्यात काय, तर मुनीमजी पहिल्यापासून बरोबर होते! कीर्दीत नोंद लिहायची असते, पान नाही. तुमचा डेटाबेस रखडत असेल तर जर्नलवर फुली मारण्याआधी एवढं तपासा : आपण लिहितोय ते गरजेपेक्षा जास्त तर नाही ना?