पडक्या भिंतीची रेघ

रायगडाच्या पायथ्याशीं पाचाड येथें राजमाता जिजाबाईंच्या वाड्याचे अवशेष आहेत. गडावरील गार वारा उतारवयांत सोसेना म्हणून महाराजांनीं आईसाठीं हा वाडा खालीं बांधविला, अशी परंपरा सांगते. ६ जून १६७४ रोजीं राज्याभिषेक झाला आणि अकराच दिवसांनीं, १७ जून रोजीं, जिजाबाईंनीं पाचाडासच देह ठेवला. तो स्थळमहिमा वाचकांस ठाऊक आहे. आम्ही आज त्या जोत्यांकडे व भिंतींकडे जरा रूक्ष नजरेनें पाहणार आहों. अशा पडक्या वाड्याचा नकाशा काढावयाचा झाला, तर त्यांतील प्रत्येक रेघ कोणाच्या साक्षीनें ओढावयाची, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ज्या राज्यांत हा वाडा उभा राहिला, त्या राज्याला मापाचें वावडें नव्हतें. जमिनीच्या मोजणीसाठीं पांच हात व पांच मुठी लांबीची काठी ठरलेली होती. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा, आणि एकशेंवीस बिघ्यांचा एक चावर. गडावरील इमारतींचें काम हिरोजी इंदुलकर यांनीं केलें. जगदीश्वराच्या देवळांतील शिलालेखांत विहिरी, तळीं, हत्तीशाळा, राजगृहें अशा कामांचा उल्लेख आहे. परंतु तो शिलालेख आहे, नकाशा नव्हे. गवंड्यानें दोरी ताणून जमिनीवर रेघ धरली, तिच्यावर दगड बसला, आणि दोरी गुंडाळून ठेवली गेली. आपल्या हातीं उरला तो दगड.

इंग्रजी अमलांत काठीची जागा साखळीनें घेतली. मुंबई इलाख्याच्या मोजणींतील शंकुसाखळी ३३ फूट लांब असून तिचे सोळा आणे पाडलेले असत. साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. शेतावर उभें राहून जें टिपण करीत, त्यांत शेताच्या आकृतीशेजारीं साखळीचे आंकडे मांडलेले असत. पुढें कचेऱ्यांतून पारदर्शक कापडावर व कागदावर शाईनें नकाशे होऊं लागले. या शाईच्या रेघेची एक खोड होती. ती चुकली तर पात्याच्या धारेनें हळूच खरवडावी लागे, आणि खरवडलेली जागा उजेडासमोर धरली कीं लपत नसे. नकाशे काढणाऱ्या मंडळींस त्याचा मोठा जाच होई. पण येथें कोणीतरी मत बदललें आहे, हें त्या चट्ट्यावरून पुढील अभ्यासकाला कळे.

संगणकानें हा जाच संपविला. १९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत आयव्हन सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ नांवाचा प्रबंध सादर केला. त्यांत प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेघ ओढतां येई, आणि दोन वांकड्या रेघा परस्परांशीं समांतर वा काटकोनांत असाव्यात असें सांगितलें कीं यंत्र त्या तशा करून देई. १९८२ च्या अखेरीस ‘ऑटोकॅड’ विक्रीस आलें आणि पुढें ही विद्या लहान कचेऱ्यांतही पोंचली. या यंत्राच्या लेखीं सरळ रेघ म्हणजे दोन टोंकांचे आंकडे. त्यांतला एक आंकडा बदलला कीं रेघ हलली. ‘ट्रिम’ म्हटलें कीं दुसऱ्या रेघेपलीकडे गेलेला भाग छाटला जातो, ‘एक्स्टेंड’ म्हटलें कीं आंखूड रेघ समोरच्या रेघेस जाऊन भिडते, ‘फिलेट’ला शून्य त्रिज्या दिली कीं दूर राहिलेलीं दोन टोंकें नेमक्या कोपऱ्यांत मिळतात. छपाईंत मागचा चट्टा मात्र कोठेंच दिसत नाहीं.

नवें घर बांधणाऱ्यास हें वरदानच आहे, आणि त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. घर अजून व्हावयाचें असतें. रेघ म्हणजे तेथें आज्ञा असते. पडक्या वाड्याची रेघ आज्ञा नव्हे, साक्ष आहे. कोंकणांतील एका पडक्या वाड्याचा नकाशा आमच्या पाहण्यांत आला. काढणारा तरुण हुशार होता व मापेंही त्यानें मन लावून घेतलीं होतीं. पण एक भिंत मध्येंच संपत होती आणि पलीकडे सहा हातांवर दुसरी सुरू होत होती. त्यानें दोन्ही जोडून टाकल्या. आम्हीं विचारलें, “मध्यें पाया सांपडला काय?” तो म्हणाला, “नाहीं. पण भिंत असणारच.” असेलही! अथवा तेथें दरवाजा असेल. आतां तो नकाशा पाहणाऱ्याला ती शंका येण्याचें कारणच उरलें नाहीं. काटकोनाचेंही तसेंच. जुनी भिंत काटकोनापासून चारदोन अंश ढळलेली असते. कदाचित् खडकामुळें, कदाचित् आधीं उभ्या असलेल्या एखाद्या बांधकामामुळें. यंत्रावर काटकोनाची सोय चालू ठेवून ती रेघ ओढली, कीं ते अंश गेले आणि त्यांच्याबरोबर कारणही गेलें.

गडावर हा धोका अधिक आहे. १८१८ सालीं कर्नल प्रॉथरच्या तोफांच्या माऱ्यानें रायगडावर आग लागली. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हां गडावर होत्या. १० मे रोजीं गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. लांकूडकाम जळालें, जोतीं राहिलीं. ज्या दोन समोरासमोरच्या ओळींस आपण बाजारपेठ म्हणतों, ती खरोखर बाजारपेठच होती काय याविषयींही अभ्यासकांत मतभेद आहेत. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेनें जीर्णोद्धाराला एक मर्यादा घालून दिली आहे : जेथें तर्क सुरू होतो तेथें काम थांबलें पाहिजे. आमच्या मतें हाच नियम नकाशालाही लावावा. २०२५ सालीं रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा-यादींत आल्यापासून तर नकाशांचें काम वाढणारच.

यंत्राला दोष देण्यांत अर्थ नाहीं. उपायही त्याच्याचपाशीं आहे. त्यांत एकावर एक पारदर्शक थर ठेवतां येतात. उभी भिंत एका थरावर, उकरून सांपडलेला पाया दुसऱ्यावर, आणि तर्कानें जोडलेला भाग तिसऱ्यावर, तुटक रेघेनें. मूळ मापांची वही जशीच्या तशी जपावी, आणि रेघ बदलल्यास तारीख व कारण लिहावें. एवढें केलें तर छाटलेल्या रेघेचाही पत्ता लागतो.

पाचाडास तक्याची विहीर आहे. तिच्या कांठीं दगडी तक्याला टेकून महाराज बसत आणि बाजारास येणाऱ्या बायकांकडून जिन्नस घेत, अशी आख्यायिका तेथें सांगतात. विहीर व तक्या यांची मापें घेऊन तीं पहिल्या थरावर ठळक रेघेनें काढावीं. बाजार कोठवर भरे, याची रेघ ओढूं नये. तेथें नुसतें नांव लिहावें.