पर्जन्यजल निचरा नियोजन

पर्जन्यजल निचरा नियोजन म्हणजे वस्तीवर पडणारे पावसाचे पाणी घरांत न शिरता ओढा, नदी, तलाव किंवा समुद्रापर्यंत पोहोचावे यासाठी केलेली आखणी. पाणलोट क्षेत्राची पाहणी, पावसाच्या तीव्रतेचा अंदाज, पावसाळी गटारे, मोऱ्या व नाल्यांची रचना, पाणी साठवण्याच्या व मुरवण्याच्या जागा आणि देखभालीची व्यवस्था यांचा तिच्यात समावेश होतो. घरगुती सांडपाणी वाहून नेणारी मलनिःसारण व्यवस्था यापेक्षा वेगळी असते. प्रत्यक्षात अनेक शहरांत दोन्ही पाणी एकाच गटारात सोडले जाते. त्यामुळे मुसळधार पावसात घरांत शिरणारे पाणी बहुधा केवळ पावसाचे नसते.

== पाण्याचा हिशेब ==

लहान वस्तीसाठी पाण्याचा कमाल प्रवाह तीन राशींच्या गुणाकाराने काढतात: पाणलोटाचे क्षेत्रफळ, पावसाची ताशी तीव्रता आणि अपधाव गुणांक. पडलेल्या पावसापैकी किती भाग जमिनीवरून वाहून जातो हे अपधाव गुणांकातून कळते. शेत, माळरान किंवा बाग असलेल्या जमिनीत हा गुणांक कमी असतो, तर डांबर, काँक्रीट व छपरांनी व्यापलेल्या जमिनीत तो १ च्या जवळ जातो. उदाहरणार्थ, १० हेक्टरांच्या पाणलोटावर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडत असेल आणि गुणांक ०.५ असेल, तर सेकंदाला सुमारे ७०० लिटर पाणी वाहते. त्याच जमिनीवर इमारती व फरसबंदी होऊन गुणांक ०.९ झाला, तर हा प्रवाह सुमारे १,२५० लिटरांवर जातो. पाऊस तेवढाच आणि गटारही तेच असते, तरी पूर्वी कोरड्या राहणाऱ्या घरांत पाणी येऊ लागते. ‘यंदा पाऊस फार झाला’ हे स्पष्टीकरण त्यामुळे अनेकदा अपुरे ठरते.

वार्षिक पर्जन्यमानावरून गटाराचा आकार ठरवता येत नाही. त्यासाठी पंधरा मिनिटांत, अर्ध्या तासात व तासाभरात पडणाऱ्या पावसाच्या नोंदी लागतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शहरांत दर ४ चौरस किलोमीटरांमागे एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, अशी शिफारस त्यांत आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचरा व्यवस्थेची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली.

वाहिनीची क्षमता तिच्या आकारावर, उतारावर व आतील पृष्ठभागावर अवलंबून असते. उतार तोच ठेवून नळाचा व्यास दुप्पट केल्यास क्षमता सहापटीहून अधिक होते. गाळाचा परिणाम याच्या उलट होतो. निम्म्या उंचीपर्यंत गाळ साचलेला गोल नळ मूळ क्षमतेच्या एक-तृतीयांशाहून थोडेच अधिक पाणी वाहून नेतो. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई हा त्यामुळे मूळ आराखड्याचाच भाग ठरतो.

== मुंबई: ब्रिमस्टोवॅड ==

महाराष्ट्रातील या प्रकारच्या नियोजनाचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचे आहे. शहराची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यासाठी रचलेली होती. निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असेही त्यात गृहीत धरले होते. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने सल्लागारांमार्फत अभ्यास करून घेतला व १९९३ मध्ये ‘बृहन्मुंबई स्टॉर्म वॉटर डिस्पोजल’, म्हणजेच ‘ब्रिमस्टोवॅड’ हा अहवाल तयार झाला. वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटर करावी आणि अपधाव गुणांक १ धरावा, म्हणजे पाणी मुरण्यावर विसंबून राहू नये, असे त्यात सुचवले होते. निधीअभावी अहवालातील बहुतेक कामे एका तपाहून अधिक काळ मागे पडली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस झाला. एकाच शहरातील दोन केंद्रांमधील या तफावतीमुळे ‘मुंबईचा पाऊस’ असा एकच आकडा नियोजनाला पुरत नाही हे स्पष्ट झाले. राज्य शासनाने जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. ब्रिमस्टोवॅडची कामे त्यानंतर केंद्राच्या साहाय्याने वेगाने हाती घेण्यात आली.

मुंबईतील अडचण केवळ गटारांच्या आकाराची नाही. पाणी समुद्रात सोडणाऱ्या १८६ पातमुखांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीखाली आणि १३५ भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीच्या पातळीवर असलेली पातमुखे फक्त सहा आहेत. भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यास पाणी बाहेर पडत नाही, उलट समुद्राचेच पाणी आत येऊ शकते. त्यासाठी दरवाजे आणि उदंचन केंद्रे योजण्यात आली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध येथील केंद्रे कार्यान्वित झाली, तर माहुल व मोगरा येथील केंद्रे रखडली.

परळ–दादर भागातील हिंदमाता परिसर वस्तीच्या पातळीवरील नियोजनाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. हा भाग बशीसारखा खोलगट असून चहूबाजूंचे पाणी तेथे जमते. वाहिन्या रुंद करून आणि ब्रिटानिया उदंचन केंद्र सुरू करूनही तेथे पाणी तुंबतच राहिले. अखेर महापालिकेने प्रमोद महाजन कला पार्क व सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली साठवण टाक्या बांधल्या. पावसाचा जोर असताना पाणी तेथे साठवायचे आणि ओहोटीच्या वेळी सोडायचे, अशी ही रचना आहे. पाणी लवकरात लवकर दूर नेण्याऐवजी काही काळ अडवून धरण्याकडे झालेला हा बदल महत्त्वाचा मानला जातो.

पाणी ओसरावे म्हणून मॅनहोलची झाकणे उघडण्याची प्रथा किती घातक आहे, हे २९ ऑगस्ट २०१७ रोजी दिसले. त्या दिवशी मुंबईतील एका नामवंत डॉक्टरांचा तुंबलेल्या पाण्यातून चालताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. झाकणाखाली संरक्षक जाळी बसवण्याचा आग्रह त्यानंतर वाढला.

== पुणे: आंबिल ओढा ==

पुण्याजवळ समुद्र नाही आणि शहराला उतारही भरपूर आहे, तरीही २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला अचानक पूर आला. अरण्येश्वर भागातील टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली, तर सहकारनगर, पद्मावती, दांडेकर पूल या भागांत घरे व वाहने पाण्याखाली गेली. पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. याच ओढ्यावर कात्रजला नानासाहेब पेशव्यांच्या काळात तलाव बांधून शनिवारवाड्यापर्यंत भूमिगत नळाने पाणी आणले होते. पुढे शहर वाढत गेले तसा ओढ्याचा काठ बांधकामांनी आवळला गेला. सीमाभिंती, अरुंद मोऱ्या व भराव यांमुळे तुंबलेले पाणी वाट फोडून लगतच्या वस्तीत घुसते. ओढ्याच्या काठची घरे हटवण्याच्या प्रयत्नावरून जून २०२१ मध्ये मोठा वाद झाला. काठावर बहुधा कमी उत्पन्नाची कुटुंबे राहतात. त्यामुळे पुराचा फटका त्यांनाच बसतो आणि पूरनियंत्रणासाठी घरही त्यांनाच सोडावे लागते. पुनर्वसनाशिवाय केलेला आराखडा येथे कागदावरच राहतो.

== तळेगाव दाभाडे व मावळ ==

मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे हे नगरपरिषदेचे शहर उत्तरेस इंद्रायणी व दक्षिणेस पवना या नद्यांच्या दरम्यान वसले आहे. पश्चिमेकडील लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरांहून अधिक, तर पूर्वेकडील पुण्यात सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. तळेगाव या तीव्र उताराच्या पट्ट्यात येत असल्याने पुण्याचे किंवा लोणावळ्याचे आकडे जसेच्या तसे येथील रचनेला लावता येत नाहीत. गावाच्या नावातच असलेले तळे अशा नियोजनात केवळ शोभेचे ठिकाण ठरत नाही. पावसाळ्याच्या आरंभी तळ्याची पातळी कमी ठेवता आली, तर ते पावसाचा पहिला जोर सामावून घेऊ शकते. मात्र सांडपाणी त्यात येऊ न देणे ही त्याची पूर्वअट आहे.

मुंबई–पुणे लोहमार्ग व जुना मुंबई–पुणे महामार्ग शहरातून जातात. असे भराव पाण्याच्या नैसर्गिक वाटा आडव्या कापतात व वरच्या बाजूचे सर्व पाणी मोजक्या मोऱ्यांमध्ये एकवटते. मोरी लहान असल्यास तिच्या पुढील गटार कितीही रुंद केले तरी उपयोग होत नाही. म्हणून काम नेहमी खालच्या टोकाकडून, म्हणजे नदी किंवा ओढ्यापासून वर करत जावे लागते. वरची गटारे आधी सुधारल्यास पाणी खालच्या गल्लीत अधिक वेगाने पोहोचते आणि एका सोसायटीची सुटका दुसरीच्या डोक्यावर येते.

चाकण–तळेगाव पट्ट्यातील औद्योगिक वाढीमुळे माळरान व भातखाचरांच्या जागी गृहसंकुले, गोदामे व कारखाने उभे राहिले आहेत. भातखाचरांचे बांध पाणी अडवून धरत असत. सपाटीकरणानंतर तेच पाणी थेट रस्त्यावर येते. पाणलोटाची सीमा आणि प्रशासकीय सीमा जुळत नाहीत, ही येथील मुख्य गुंतागुंत आहे. नगरपरिषद, लगतच्या ग्रामपंचायती, औद्योगिक विकास महामंडळ, रेल्वे, महामार्गाची यंत्रणा आणि २०१५ मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्या हद्दींतून एकच ओढा वाहू शकतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. भूजल पुनर्भरणासाठी खोदलेले शोषखड्डे मुसळधार पावसात लवकर भरतात. त्यामुळे ते गटाराला पूरक असले तरी त्याची जागा घेऊ शकत नाहीत.